पावणं मैदानात आलंय

कांद्याच्या चाळीतून एक कांदा ओढला की वरचे चार आपोआप घरंगळत खाली येतात. आमच्या नाटकाच्या किश्श्यांचं तसंच झालंय. कुणी सहज विचारतं, "काय गं, कसं चाललंय तुझं नाटक?" मी एक सांगायला जाते, तर शेजारी बसलेला म्हणतो, "अगं, ते शेळीचं सांग की!" शेळीचं सांगावं तर जीपचं राहतं. चहा गार होतो, किस्से संपत नाहीत.

आधी थोडं सांगून ठेवते. मी या गावची. नाटकाचं शिक्षण घ्यायला आठ वर्षं बाहेर होते, आधी दिल्लीत आणि मग इंग्लंडात. तिथे मोकळ्या माळावर शेकडो माणसं घेऊन केलेली नाटकं बघितली, की मला एकच वाटायचं: हे आपल्या गावात का नाही? शेवटी बॅग भरली आणि परत आले. घोडेगावच्या खालच्या अंगाला, घोड नदीच्या काठावर आमचं गाव. जिकडे बघावं तिकडे ऊस, आणि उसात बिबटे. मी ठरवलं, इथल्याच दीडशे माणसांना घेऊन महानाट्य करायचं. हत्ती नकोत, घोडे नकोत, तलवारी नकोत. विषय एकच, आम्ही आणि बिबट्या. नाव ठेवलं 'हद्द'.

मुंबईच्या एका संस्थेने अर्धं अनुदान दिलं. उरलेलं अर्धं द्यायचं की नाही, हे त्यांच्या मॅडम प्रत्यक्ष येऊन, तालीम बघून ठरवणार होत्या. मॅडम 'हो' म्हणाल्या तर नाटक. 'नाही' म्हणाल्या तर दीडशे माणसांनी शेतातली कामं आवरून, धारा काढून, पोरं शेजारी सोपवून केलेली पाच महिन्यांची तालीम पाण्यात!

ते पाच महिने मी भीतीतच काढले. दिवसा मॅडमची भीती, दिवस मावळला की बिबट्याची. आज मी हे हसून सांगते. घडत होतं तेव्हा हसू सुचत नव्हतं.

* * *

पहिली भीती फॉर्मची.

संस्थेच्या लांबलचक फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: 'प्रकल्पातील संभाव्य धोके कोणते?' मी शिकलेली! दोन पानं भरून लिहिलं. अवेळी पाऊस, प्रेक्षकांची सवय नसणं, कलाकारांची अनियमितता, आणखी काय काय.

ते नानांना वाचून दाखवलं. नाना म्हणजे आमच्या नाटकाचा कणा. सत्तरी ओलांडलेले. उमेदीची तीस वर्षं तमाशात सोंगाड्या म्हणून काढली. बत्तीशीतले निम्मे दात गेले, पण टायमिंग गेलं नाही. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, "वाघ कुटं लिवलाय?"

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. "तो नाही लिहिला, नाना."

"मंग फारम खोटा हाय."

मी यादीत सगळ्यात वर लिहिलं: बिबट्या.

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. गडबडीत कानाला लावण्याऐवजी स्पीकरच दाबला गेला. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "अर्ज आवडला हं आम्हाला. विशेषतः धोक्यांमधला तो बिबट्या. रूपक आहे ना ते?"

मी तोंड उघडायच्या आत नाना फोनवर वाकले.

"रूपक का काय म्हणताय, त्यानं परवा माझी शेळी नेली, मॅडम!"

अर्धं अनुदान त्याच आठवड्यात मंजूर झालं.

* * *

आठ वर्षं बाहेर राहिलं की गाव ओळखीचं वाटतं, पण शब्द बदललेले असतात.

मी गेले तेव्हा बिबट्या म्हणजे वर्षातून एखादी बातमी होती. आले तेव्हा तो रोजचा झाला होता. आणि दिवस मावळल्यावर त्याचं नाव घ्यायचं नाही, नाव घेतलं की येतो, असं सगळ्यांनी मनात धरलेलं. हे मला कुणी सांगितलंच नाही.

परतल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, दिवेलागणीला, शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काल ह्याच टायमाला पावणं यिऊन गेलं."

मला वाटलं, कुणी ओळखीचं मला भेटायला आलं आणि मी घरात नव्हते. "अय्या काकू, मला हाक नाही मारलीत? चहा तरी घेतला का त्यांनी?"

काकूंनी माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"न्हाई बाई. लई घाईत व्हतं. कुत्रं घिऊन गेलं."

पुढे तालमी सुरू झाल्या, तेव्हा तेच आठवून मी तालमीवरून घरी जाताना मोबाइलवर फुल आवाजात गाणी लावायला लागले. भर उन्हाळ्यात गळ्याला ओढणीचे तीन वेढे, तो मान धरतो म्हणून. फॉर्मच्या पहिल्याच पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'या नाटकातून गावात भयमुक्त अवकाश निर्माण होईल.' तो अवकाश शाळेपासून आमच्या दारापर्यंत सातशे बारा पावलांचा होता. मी रोज मोजायचे.

* * *

नाटक नुसत्या अनुदानावर उभं राहत नाही. त्याला जागा लागते.

जागा बापूसाहेबांची. ते गावातले मोठे बागायतदार. शाळेला लागून त्यांचं तोडलेल्या उसाचं रान होतं, ते त्यांनी पाच महिने मोकळं ठेवलं. वर ट्रॅक्टरने सपाट करून दिलं, पाण्याचा टँकर दिला, आठवड्यातून दोनदा सगळ्यांना पोहे. पूर्वेला शाळा, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला वस्ती, आणि पश्चिमेला त्यांचाच उभा ऊस. मला रोज धाकधूक असायची, की आज ते म्हणणार, "ताई, आता रान द्या, उसाची लागण करायचीय." पण बापूसाहेब छातीवर हात ठेवून सांगायचे, "शब्द दिला म्हंजी दिला. आपण कुणाच्या बापाला भ्येत नाय!"

ते रोज तालीम बघायला येत. जीपमधून. जीपचं तोंड शाळेकडे, काचा वर, चारही दारं लॉक. प्रवेश आवडला की हॉर्न वाजवायचे. एकदा, दोनदा, फारच आवडला तर तीनदा. एका करुण प्रसंगात त्यांनी तीनदा वाजवला आणि नाना वाक्यच विसरले.

मी जाऊन काचेवर टकटक केलं. अगदी नम्रपणे म्हणाले, "बापूसाहेब, खाली उतरून बसा ना. खुर्ची टाकलीय. तुम्ही माणसांत बसलात तर सगळ्यांना पाठिंबा वाटेल."

काच दोन बोटं खाली आली.

"पाठिंबा दिलाय न्हवं? दार उघडायचं कुटं ठरलं व्हतं?"

* * *

बिबट्याचं काम करायला कुणी तयार होईना. दीडशे माणसांत एकही नाही! त्याचं सोंग घेतलं की तो बघायला येतो म्हणे. तेव्हा मी ठरवलं, बिबट्या दाखवायचाच नाही. नुसता आवाज. मला ही कल्पना भलतीच कलात्मक वाटली.

आवाज कोण काढणार? नाना. त्यांनी आयुष्यात कोंबड्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांचे आवाज काढलेले. "मोठ्या रंध्यानं लाकूड तासावं, तसा असतो त्याचा आवाज," ते म्हणाले. मैदानाच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि काढला.

अंगावर काटा आला. गावातली सगळी कुत्री एकदम गप्प झाली.

आणि मग पश्चिमेकडच्या उसातून तसाच आवाज आला.

पळापळीचा प्रसंग मी महिनाभर बसवत होते. 'सगळ्यांनी एकाच क्षणी, एकाच दिशेने, मागे न बघता' असं ओरडून माझा घसा बसला होता. तो प्रसंग त्या दिवशी एका मिनिटाच्या आत बिनचूक झाला. मैदानात उरल्या दीडशे चपला, मी आणि नाना. मी राहिले कारण माझे पाय हलत नव्हते. नाना राहिले कारण ते कान देऊन ऐकत होते.

"नाना, चला ना!" मी त्यांची बाही ओढली.

"थांब पोरी. त्याचा सूर बराबर हाय. माझाच जरा खाली लागला."

या प्रकारानंतर पश्चिमेच्या बाजूला कुणी फिरकेना. आमच्या लाइटचं काम अवसरीच्या कॉलेजात शिकणारी दोन मुलं हौसेने बघत होती. त्यांनी प्रकाशाचा नकाशा काढून आणला. तीन बाजूंना दिव्यांच्या खुणा, वायरी, खांब, सगळं पद्धतशीर. पश्चिमेची बाजू कोरी. मी विचारलं, "आणि इकडे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने पेन काढलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं: 'नैसर्गिक प्रकाश'.

* * *

आता सुनंदाताई.

रस्त्याकडेचं पहिलं घर त्यांचं. तीन वर्षांपूर्वी रात्री उशिरा लाइट आली म्हणून त्या विहिरीवर मोटार चालू करायला गेल्या, आणि मागून बिबट्याने धरलं. हातातली बॅटरी त्यांनी त्याच्या नाकावर हाणली म्हणून वाचल्या. उजव्या खांद्यावरून मानेपर्यंत व्रण आहे, त्यावर पदर कायम ओढलेला. तेव्हापासून दिवस मावळला की सुनंदाताई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. कुणी आलं तरी दार लावून आतूनच बोलतात.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना गोल बसवलं. इंग्लंडात शिकलेला व्यायाम घ्यायचा होता. अगदी मृदू आवाजात सांगितलं, "डोळे मिटा. आता आपापल्या भीतीला भेटा."

सगळ्यांनी डोळे मिटले. सुनंदाताईंनी नाही मिटले.

"मी भेटलीय तिला, ताई. तुमी भेटून या, मंग बोलू."

तो व्यायाम मी परत कधी घेतला नाही.

पण त्या रोज येत राहिल्या. नाटकात त्यांचीच गोष्ट होती आणि ती त्यांनीच सांगायची होती. अडचण एकच. शेवटचा प्रवेश ऐन सूर्यास्ताचा, आणि सुनंदाताईंचं लक्ष अर्ध्या वाक्यात सूर्याकडे. तो टेकायला आला की संवाद जिथे असेल तिथे सोडून घराकडे चालू लागायच्या. मी म्हणाले, "ताई, वाक्य तरी पुरं करा." तर म्हणाल्या, "सूर्व्यानं पुरं केलं."

एकदा मी हरून विचारलं, "मग येता कशाला, रोज?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मला एकदाच, अंधार पडताना, बाहेर हुबं ऱ्हायचंय. एकटीला जमायचं न्हाई. दीडशे माणसं संगं असली तर जमंल. तुमचं नाटक झालं तर जमंल."

त्या दिवसानंतर मॅडमची भीती वेगळीच झाली. तोपर्यंत मला माझ्या नाटकाची काळजी होती.

लाइटवाल्या दोघा मुलांनी त्यांच्यासाठी एक दार केलं. नुसती चौकट आणि फळ्या, खाली चाकं. सुनंदाताईंनी दारात उभं राहून बोलायचं, म्हणजे घरात असल्यासारखं वाटेल. दार मैदानात आणलं. सुनंदाताई त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही, बाजूला काही नाही.

"झ्याक केलंय," त्या म्हणाल्या. "आतून कडी हाय का?"

मुलांनी दुसऱ्या दिवशी कडी बसवली. सुनंदाताईंनी ती लावून बघितली आणि मगच संवाद म्हटले.

* * *

मॅडम येण्याच्या महिनाभर आधी संस्थेने फोटो काढायला एका माणसाला पाठवलं. तो दुपारी उशिरा शाळेपाशी उतरला. सगळ्यांना गोळा करायचं म्हणून नानांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला: 'पावणं आलंय. शाळेपाशी हाय.'

पाच मिनिटांत गावातली सगळी दारं बंद!

तो बिचारा अर्धा तास मैदानात उभा होता. हाक मारली की एखादी खिडकी किलकिली व्हायची आणि आतून दबक्या आवाजात यायचं, "पळू नका! पाठ दावू नका!" मी घोडेगावला कामाला गेले होते. परत येईतो तो निघून गेलेला. आठ दिवसांनी संस्थेकडून फोटो आला: रिकामं मैदान, मधोमध एक दार. खाली एक ओळ: 'कलाकार कुठे आहेत?'

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बसवून नियम केला. माणूस आला तर ग्रुपवर त्याचं नाव लिहायचं. फोटोवाला असेल तर फोटोवाला, मॅडम असतील तर मॅडम. 'पावणं' हा शब्द फक्त त्याच्यासाठी. नियम मी ग्रुपवर टाकला. दीडशे अंगठे आले.

बापूसाहेबांनी शंका काढली, "आन जावई आला तर?"

"पावणंच लिवायचं," नाना म्हणाले. "त्यो बी काय ना काय घिऊन जायलाच येतो!"

* * *

आणि मग मॅडम आल्या.

चारला येणार होत्या. आम्ही तीनपासून तयार. वर तळेघरकडची वीस माणसं भल्या सकाळी निघून आली होती, पोशाख घालून बसली होती. पाच वाजले, मॅडम नाहीत. गाडी हायवेला अडकलेली. सहा वाजायला आले, तशी तळेघरकरांना परतीची एसटी गाठायची म्हणून ती गेली. ती उठल्यावर बाकीचेही उठले, धारा काढायच्या होत्या. "मॅडम आल्या की कळीव, आलोच," म्हणत एकेक जण पांगला. सुनंदाताईंनी सूर्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून गेल्या.

सूर्य टेकला आणि मॅडमची गाडी आली. त्याच वेळी लाइट गेली, म्हणून गाडीचे दिवे मैदानाकडे चालूच ठेवले. मी मॅडमना नमस्कार केला आणि नानांना फोन लावला. "नाना, मॅडम आल्यात! बोलवा सगळ्यांना!"

"व्हय, मैदानाकडंच यायला लागलोय. टाकतो ग्रुपला."

मॅडमना घेऊन मी मैदानाच्या मधोमध गेले. उसाकडे पाठ करून, हात हलवत, त्यांना समजावून सांगू लागले. इथून स्त्रिया येतील, तिथून पुरुष, इथे दार. आवाज माझा मलाच परका वाटत होता. मॅडम माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या. "छान," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "पण माणसं कुठे आहेत?"

मोबाइल थरथरला. ग्रुपवर नानांचा मेसेज: 'पावणं मैदानात आलंय.'

नियम मोडला! ऐन वेळी, ज्या दिवशी मोडायचा नव्हता त्याच दिवशी. आणि लगेच ऐकू आलं. वस्तीवर एक कडी लागली. मग दुसरी, तिसरी. सगळ्या गावाची दारं आमच्यासमोर बंद होत होती. पाच महिने संपले. मी मॅडमकडे बघून हसले. रडू येत होतं म्हणून हसले.

"येतीलच," मी म्हणाले.

काही क्षण कसलाच आवाज नव्हता. कुत्र्यांचासुद्धा नाही.

मग एक थाळी वाजली.

रस्त्याकडेच्या पहिल्या घरातून. ठण, ठण, ठण. कडी काढल्याचा आवाज आला, दार उघडलं, आणि थाळी बाहेर आली. मग वस्तीवर दुसरी थाळी. मग डबे, घागरी, कुणाची हलगी. दक्षिणेकडून बॅटऱ्या हलत आल्या. उत्तरेकडून हॉर्न वाजवत बापूसाहेबांची जीप थेट मैदानात घुसली, थांबली, आणि बापूसाहेब दार उघडून खाली उतरले! हातात पाना. शंभर-सव्वाशे माणसं, ओरडत, ताल धरून, आमच्या अंगावर चालून आल्यासारखी. सगळ्यांच्या पुढे सुनंदाताई. पदर कमरेला खोचलेला, मान उघडी, व्रण दिसतोय, हातात थाळी आणि लाटणं. दार नाही, चौकट नाही, कडी नाही. सूर्य केव्हाच बुडाला होता.

त्यांनी आम्हाला मध्ये घेऊन गोल केला. आमच्याकडे पाठी, तोंडं बाहेर. नाना उसाच्या बाजूला, छाती पुढे काढून, तोच तो रंध्याचा आवाज काढत होते. या वेळी सूर जरासुद्धा खाली नव्हता.

"सगळे पाठ करून का उभे आहेत?" मॅडमनी कुजबुजत विचारलं.

असं मी कधीच बसवलं नव्हतं. पण शिकलेली आहे ना! "प्रेक्षक आत आणि कलाकार बाहेर तोंड करून," मी म्हणाले. "हद्द उलटी केलीय आम्ही."

मॅडमनी डोळे मोठे केले.

सुनंदाताईंनी न वळता माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार, घामाने ओला. "हसत चला," त्या दातांत बोलल्या. "शाळंकडं. हळू. वाकू नका, पळू नका." नटी शेवटी दिग्दर्शन करायला लागली, असं मला वाटलं, आणि ऊर भरून आला. तो सगळा गोल, थाळ्या वाजवत, एकेक पाऊल शाळेकडे सरकला. आम्ही त्याच्या पोटात. ओसरीवर पोचल्यावर बापूसाहेबांनी मॅडमना आत घेतलं आणि दार लावलं. मॅडम टाळ्या वाजवत होत्या. बाकीचे जिथल्या तिथे मट्कन बसले. नाना पाणी मागत होते. सुनंदाताई खांबाला टेकून बाहेरच्या अंधाराकडे एकटक बघत होत्या. त्या थांबून थांबून हसत होत्या, मग डोळे पुसत होत्या.

मॅडमची गाडी गेल्यावर मी नानांना फैलावर घेतलं. "एवढा नियम केला होता, नाना! 'मॅडम' लिहायचं सोडून 'पावणं' लिहिलंत! सगळे आले म्हणून बरं, नाहीतर माझं काय झालं असतं?"

नानांनी सुनंदाताईंकडे बघितलं, त्यांनी हलकेच मान हलवली. मग नाना म्हणाले, "चुकलंच माझं." बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, सगळे ओशाळलेत.

तीन आठवड्यांनी संस्थेचं पत्र आलं. सकाळची वेळ. सगळे शाळेच्या पटांगणात जमले होते, तळेघरची मंडळीसुद्धा. मी उभी राहून मोठ्याने वाचलं. उरलेलं अनुदान मंजूर! टाळ्या, शिट्ट्या. बापूसाहेबांनी जीपकडे जाऊन तीनदा हॉर्न वाजवला. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, कारण खाली मॅडमनी स्वतः लिहिलेला मजकूर होता.

'एक विनंती. त्या संध्याकाळची रचना कृपया बदलू नका. विशेषतः पश्चिमेला, उसाच्या कडेला, गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवलेले ते दोन हिरवट दिवे. मी आले तेव्हापासून ते लागलेले होते. सगळी माणसं सरकत होती, तरी ते दोन दिवे जागचे हलले नाहीत. फार संयमित प्रकाशयोजना!'

मी मान वर केली. लाइटवाली दोन मुलं एकमेकांकडे बघत होती. बापूसाहेब हातातल्या चावीकडे बघत होते. सुनंदाताईंनी खांद्यावरचा पदर सावकाश सारखा केला.

"नाना," मी म्हणाले. "तो मेसेज तुम्ही... मॅडम आल्या म्हणून..."

नानांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. मोबाइल काढून अंगठ्याने बराच वेळ वर सरकवत नेला. आधी मला माझा नियम दाखवला. दीडशे अंगठे. मग खाली येत येत, त्या संध्याकाळचा त्यांचा मेसेज.

"पोरी," नाना म्हणाले, "नियम कुणी केला व्हता?"